एवांथियाच्या हिरड्या

ग्रीसमधल्या आमच्या पेत्रोवुनी गावात एवांथियाबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. तरी एका गोष्टीवरून बायका आपसांत कुजबुजायच्या. रविवारची प्रार्थना संपत आली, पाद्रीबाबा लेओनिदास पेला आणि चमचा घेऊन वेदीसमोर आले आणि लोक ओळीनं पुढे सरकायला लागले, की एवांथिया हळूच मागे व्हायची. संत बार्बराच्या तसबिरीपाशी जाऊन वाळूत खोचलेल्या मेणबत्त्यांची थोटकं उपटत बसायची. वाइनमध्ये भिजलेला तो पावाचा कण सगळे जिभेवर घेऊन यायचे, ही नाही. उपास सगळे करायची, चर्चची फरशी पुसायची, आजाऱ्याच्या घरी सूप पोचवायची, पण प्रसाद नाही. तीन ईस्टर असेच गेले.

आमच्याकडे माणूस प्रसाद घेत नाही याचे दोनच अर्थ लावतात. एक तर काही मोठं पाप मनाला खातंय, नाहीतर घरातल्या कुणाशी वाकडं आहे आणि ते अजून सरळ झालेलं नाही. कारण प्रसादाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाची माफी मागायची अशी रीत आहे. ती मागितल्याशिवाय पेल्याजवळ जायचं नाही.

एवांथियाचं कारण तिसरंच होतं. तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं.

आईनं लहानपणी शिकवलं होतं, की प्रसाद तोंडात गेला की त्या दिवशी थुंकायचं नाही, ऑलिव्हची बीसुद्धा बाहेर टाकायची नाही, आणि अंगातून रक्त सांडू द्यायचं नाही. प्रसाद आता तुझ्या रक्तात मिसळलाय, ते मोरीत वाहून गेलं तर काय, असं आई म्हणायची. एकदा प्रसादाच्या दिवशी आईचं बोट कापलं, तर रक्त पुसलेली चिंधी तिनं चुलीत जाळली होती. एवांथियाचं तर साधा पाव चावला तरी घासाला गुलाबी डाग पडायचा. असलं तोंड घेऊन पेल्यापुढे उभं राहायचं कसं? आणि सांगायचं कुणाला? पाद्रीबाबांपुढे हिरड्यांचं रडगाणं गायला तिला लाज वाटायची. पाप असतं तर सांगता आलं असतं, ते सांगायची जागा ठरलेली आहे. हिरड्यांची कुठे ठरलीय?

तिचं सगळं आयुष्य अंजिरांत गेलं. खाली कलामाताच्या वाटेवर अंजीर भरायचा कारखाना होता, तिथं ती सतराव्या वर्षी लागली ती गुडघे थकेपर्यंत. सुकलेलं अंजीर वाफेवर मऊ करायचं, देठाशी धरायचं, अंगठ्यानं दाबून चपटं करायचं आणि बोरूच्या काडीत ओवायचं. अंजीर नीट दाबलं नाही तर माळ सैल पडते, म्हणून मुकादमीण मागून ओरडायची, “दाबा गं बायांनो, दाबा!” एवांथिया दाबायची. तिच्याइतकी घट्ट माळ कुणाची नसायची. त्या दाबण्यानं तिचे दोन्ही अंगठे आता मुळाशी सुजून वाकडे झाले होते. सुई धरता येत नव्हती, कुलपात किल्ली फिरवायची तर दोन्ही हात लागत.

लग्न तिनं केलं नाही. थोरली बहीण अर्गिरो नवरा गेल्यावर माहेरच्या घरी परतली आणि दोघी एकाच छपराखाली राहू लागल्या. अर्गिरो बोलायला तिखट. हिरड्यांचं दुखणं दोघींनाही आईकडून आलेलं. आईचे दात पन्नाशीच्या आत गेले, आजीचे त्याहून आधी. अर्गिरो म्हणायची, आपल्या घरात दात पाहुण्यासारखे येतात, जेवतात आणि जातात. तिचे स्वतःचे चार जाऊन झाले होते.

एवांथियाचा उपाय तिचा तिनंच शोधलेला. कोणताही मोठा सण आला, की आठवडाभर आधी ती दात घासणं बंद करायची. ब्रश लागला की रक्त येतं, मग ब्रशच नको. हिरडीला विसावा मिळाला की ती भरून येईल, निदान सणापुरतं तरी रक्त थांबेल, म्हणजे प्रसाद घेता येईल, असा तिचा हिशोब. सकाळी नुसती त्सिपुरोची चूळ भरायची. त्सिपुरो म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची घरची दारू. आमच्याकडे गुडघ्यापासून सर्दीपर्यंत सगळ्याला तीच. तोंड आगीसारखं व्हायचं, आणि सणाच्या दिवशी पाहावं तर हिरड्या आणखी फुगलेल्या, जीभ लागली तरी रक्त. मग तिला वाटायचं, देवाचीच इच्छा नाही. आणि ती बार्बराच्या तसबिरीपाशी जाऊन उभी राहायची.

त्या हिवाळ्यात कडक टोस्ट वाइनमध्ये न बुडवता चावला, आणि तिचा खालचा पुढचा दात हलला. नुसता दुखला असता तर ती गप्प बसली असती. पण हलला, म्हणजे आईच्या वाटेनं निघाला. ती बस धरून गावाखालच्या शहरात मिर्सिनी नावाच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत म्हणून अर्गिरोही आली, डॉक्टरला दात दाखवणार नाही असं आधीच बजावून.

मिर्सिनी तरुण होती आणि बोलायला सरळ होती. तिनं सुईसारख्या बारीक सळईनं दाताच्या कडेनं मापं घेतली. हिरडी दातापासून सुटून मध्ये खिसे झाले होते, काही चांगले खोल. ती म्हणाली, या खिशांत घाण साचून दगडासारखं किटण झालंय, ते घरच्या कुठल्याच ब्रशानं निघणार नाही, ते मी काढते. दोन-तीन खेपा कराव्या लागतील. पण काढल्यावर दातांवर रोज बसणारा पातळ थर तुम्हीच काढायचा, नाहीतर माझी मेहनत पाण्यात. आणि रक्त आलं तरी घासणं सोडायचं नाही. रक्त ब्रशामुळे येत नाही, थरामुळे हिरडी सुजते म्हणून येतं.

एवांथियानं मान हलवली. सणाआधी आपण काय करतो ते मात्र सांगितलं नाही.

तिनं एवढंच विचारलं, की स्टुटगार्टला असलेली भावाची मुलगी थेक्ला विजेवरचा ब्रश पाठवते म्हणतेय, तो घ्यावा का साधाच बरा. अर्गिरो खुर्चीतून म्हणाली, “सांगा हो तिला, जाहिरातवाल्यांचे धंदे आहेत म्हणून.”

मिर्सिनी म्हणाली, तसंही नाही. हिरड्यांचं दुखणं असलेल्यांत विजेवरचा ब्रश सरासरीनं थोडा जास्त थर काढतो, रक्तही थोडं कमी येतं. पण थोडंच. साधा मऊ ब्रश नीट पद्धतीनं चालवला तर तोही काम करतो. दोन्ही ब्रश दातांच्या फटीत मात्र पोचत नाहीत, तिथं हे लागतं, असं म्हणून तिनं बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक इवलासा ब्रश दाखवला, काडीएवढा. मग म्हणाली, “मावशी, हात बघू तुमचे.”

एवांथियानं हात पुढे केले. मिर्सिनीनं एका हातात साधा ब्रश दिला आणि गालाशी वळवायला सांगितला. बारीक दांडी त्या अंगठ्यात ठरेना. आत वळवताना ती निसटायची, म्हणून एवांथिया मुठीत धरून दाबून घासायची, जशी माळ दाबावी तशी. पुढच्या दातांच्या मुळाशी हिरडी खरवडून मागे सरकली होती, आणि मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ब्रश कधी गेलाच नव्हता.

“तुम्ही विजेवरचाच घ्या,” मिर्सिनी म्हणाली. “तो जादूचा आहे म्हणून नाही सांगत. त्याची मूठ जाड आहे आणि हलायचं काम तो करतो. तुम्ही फक्त धरायचा.”

दोन खेपांत मिर्सिनीनं किटण काढलं, आणि ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासाच्या तोंडावर ब्रश आला. पहिल्या दिवशी एवांथियानं तो तोंडाबाहेरच चालू केला आणि पेस्टचे शिंतोडे आरशावर, भिंतीवर आणि अर्गिरोच्या काळ्या शालीवर गेले. अर्गिरोला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. तोंडात गांधीलमाशी पाळलीयस का, म्हणे. वीज गेली की दातांना पण सुट्टी का, म्हणे. शेजारणीला सांगितलं, आमच्या एवांथियानं म्हातारपणी दाढीचं मशीन घेतलंय, पण चुकून दातांना लावते.

मशीनवर एक लाल दिवा होता. जास्त दाबलं की तो लागायचा. एवांथिया ब्रश दाताला लावायची आणि दिवा लागायचा. सुरुवातीला तो सारखा लागूनच राहिला. लाल म्हणजे बिघडला असं समजून तिनं थेक्लाला फोन केला. थेक्ला हसून म्हणाली, आत्या, तू अंजीर दाबतेयस, दात नाही घासत. नुसता टेकव.

नुसतं टेकवणं हे एवांथियाला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. ज्या कामाला जोर लागत नाही ते काम झालं असं तिला वाटतच नसे. तरी तिनं धीर धरला. एकेक दात, बाहेरून, आतून, हिरडीच्या कडेला तिरका टेकवून थांबायचं, मग पुढचा. मनात जपाचे शब्द म्हणायची, म्हणजे घाई होत नसे. ‘प्रभू, दया कर’ एवढं पुरं झालं की पुढच्या दातावर जायचं. पहिले काही दिवस बेसिनमध्ये रक्त जास्तच आलं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून ती घाबरली नाही. मग ते ओसरत गेलं. उपासाचा अर्धा काळ सरेपर्यंत उकडलेल्या चवळीबरोबर कोरडा पाव चावला तरी घास पांढराच राहायला लागला. हलणारा दातही जरा धरून बसला होता.

मधल्या तपासणीला अर्गिरो पुन्हा सोबत आली आणि या वेळी, खुर्ची रिकामी आहेच तर, म्हणून बसली. मिर्सिनीनं दोघींना एकेक रंगाची गोळी चघळायला दिली. जिथं थर राहिला असेल तिथं दात जांभळे होतात. दोघी आरशात बघायला लागल्या आणि एकमेकींकडे बघून त्यांना हसू आवरेना. तुतीच्या झाडाखालून पळून आलेल्या पोरींसारखी तोंडं झाली होती.

अर्गिरोचा हात अजून चांगला होता. साध्या ब्रशानं तिनं पुढची बाजू लख्ख ठेवली होती. जांभळं होतं ते दाढांच्या आत आणि अगदी मागे. एवांथियाच्या दाढा तिच्यापेक्षा स्वच्छ निघाल्या, पण दातांच्या फटींत जांभळ्या रेघा ओढल्यासारख्या होत्या. फटीतला ब्रश ती कंटाळून सोडून देत होती.

“मग जिंकलं कोण?” अर्गिरोनं विचारलं.

“अजून कुणीच नाही,” मिर्सिनी म्हणाली. “तुम्ही साधाच चालू ठेवा, फक्त मागे पोचा आणि सावकाश. यांना मशीनच बरं. आणि फटी दोघींनी करायच्या, त्यात कुणालाच सूट नाही.”

त्या दिवसापासून अर्गिरोनं बेसिनपाशी जास्त वेळ लावायला सुरुवात केली. एवांथियानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला. घराघरांत पांढरा चुना मारणं, गालिचे झाडणं सुरू झालं. त्याच्या तोंडावरच्या झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी एवांथियानं विजेवरचा ब्रश पुसून खणात ठेवला. हिरड्या बऱ्या झाल्या होत्या हे तिला कळत होतं. पण आता इतकं जवळ आलंय तर धोका कशाला, असं तिला वाटलं. या वर्षी गुरुवारी प्रसाद घ्यायचाच. चार दिवस ब्रश लावलाच नाही तर एक थेंबही येणार नाही.

मंगळवारी सकाळी अर्गिरोनं हात पुसता पुसता विचारलं, “मशीन कुठं गेलं तुझं? माशी उडून गेली का?”

एवांथिया म्हणाली, ठेवलंय.

“बिघडलं?”

“नाही गं ताई. सणाचं आहे.”

“सणाला दात बंद असतात का?”

एवांथिया फडकं घेऊन टेबल पुसायला लागली. अर्गिरो समोर येऊन उभी राहिली. एवांथियाला दुसरं काही सुचलं नाही, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. आईनं सांगितलेलं, चिंधी जाळलेली, रक्त, त्सिपुरो, तीन वर्षं. सांगताना तिचं लक्ष हातातल्या फडक्याकडे होतं.

अर्गिरो टोमणा मारेल असं तिला वाटलं होतं. अर्गिरो खुर्ची ओढून बसली.

“म्हणजे विहिरीवरून नाही?” ती म्हणाली.

एवांथियाला समजेना. कुठली विहीर? मग हळूहळू निघालं. अर्गिरोच्या लग्नात वडिलांनी विहिरीकडची ऑलिव्हची झाडं तिला हुंड्यात दिली आणि एवांथियाच्या वाट्याला वरचा कोरडा उतार आला. एवांथिया त्यावर आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती. पण दर वर्षी पवित्र बुधवारी अर्गिरो धाकटीपुढे उभी राहून रीतीप्रमाणे माफी मागायची, आणि एवांथिया रीतीप्रमाणेच म्हणायची, ‘देव माफ करो.’ उलट स्वतः मात्र मागायची नाही, कारण ती पेल्याकडे जाणारच नसायची. मग दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन वळताना अर्गिरोला ती तसबिरीपाशी दिसायची. अर्गिरोनं ठरवून टाकलं होतं, की बहिणीनं आपल्याला माफ केलेलं नाही, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून ती प्रसादच घेत नाही.

“मी प्रसाद घेऊन घरी यायचे आणि माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही,” अर्गिरो म्हणाली. “तुझ्यामुळे. आणि तू इथं हिरड्या मोजत बसली होतीस.”

“तू विचारायचंस ना.”

“तू सांगायचंस ना, बये.”

अर्गिरो उठली, शाल घेतली आणि म्हणाली, चल, पाद्रीबाबांना विचारू. तू नाही विचारणार तर मी विचारते, माझी जीभ काही लाजत नाही.

पाद्रीबाबा लेओनिदास चर्चच्या अंगणात बाह्या वर करून लिंबाची पानं झाडत होते. एवांथियानं स्वतःच सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुझ्या आईनं शिकवलं ते प्रसादाच्या आदरापोटी शिकवलं, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण म्हातारा थानासिस शेवटी रक्त ओकायचा, तेव्हा त्याला प्रसाद कुणी दिला?

“तुम्ही,” एवांथिया म्हणाली.

“आणि दिवा धरून कोण उभं होतं?”

एवांथियाच उभी होती. रुमाल तिनंच धरला होता. त्या दिवशी तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“दुखणं घेऊनच माणूस येतो इथं,” पाद्रीबाबा म्हणाले. “सकाळी ब्रश लावायला मन घेत नसेल तर आदल्या संध्याकाळी नीट कर. त्या दिवशी राहिलं तर राहिलं, शुक्रवारी परत सुरू. पण आठवडाभर सोडायचं नाही. देवानं दुरुस्तीला डॉक्टर दिली, भाचीनं यंत्र दिलं, आणि तू ते खणात ठेवून देवाकडेच चमत्कार मागतेस?”

अर्गिरो म्हणाली, हेच मी सांगत होते. तिनं असं काहीच सांगितलेलं नव्हतं, पण एवांथियानं तिला बोलू दिलं.

त्या संध्याकाळी ब्रश खणातून बाहेर आला. दोन दिवसांच्या खाड्यानं हिरडीच्या कडेला थोडं रक्त आलंच. बुधवारी तिनं फटीतला ब्रशही केला, एकेक फट, कंटाळा न करता. मग तोंड पुसून ती स्वयंपाकघरात गेली. अर्गिरो दुसऱ्या दिवशी रंगवायच्या ईस्टरच्या अंड्यांसाठी कांद्याची सालं भिजवत होती. एवांथिया तिच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, माफ कर मला.”

अर्गिरोनं हात पाण्यातून काढले नाहीत. “देव माफ करो,” ती म्हणाली. “आणि मलाही माफ कर.”

“देव माफ करो,” एवांथिया म्हणाली.

गुरुवारी सकाळी चर्च भरलं होतं. पाद्रीबाबा पेला घेऊन बाहेर आले. एवांथिया ओळीत अर्गिरोच्या मागे होती. मागच्या बायकांत थोडी चुळबुळ झाली, मग थांबली. तिची पाळी आली तेव्हा तिनं लाल फडकं हनुवटीखाली धरलं आणि तोंड उघडलं. पाद्रीबाबांनी इतरांचं घेतलं तसंच तिचं नाव घेतलं, “देवाची दासी एवांथिया,” आणि चमचा आत गेला.

बाजूला येऊन तिनं प्रसादानंतर वाटतात त्या आशीर्वादाच्या पावाचा तुकडा घेतला. कवच कडक होतं. तिनं तो सावकाश चावला आणि गिळला.

बाहेर पायऱ्यांवर अर्गिरोनं हळूच विचारलं, “आलं का गं रक्त?”

“पाहिलं नाही,” एवांथिया म्हणाली, आणि दोघी अंडी रंगवायला घरी गेल्या.